धारेवरचा उखाणा

२ एप्रिल २००६, बुकित बातोक

आलो एकदाचे सिंगापूरला! अश्विनची नोकरी चांगी बिझनेस पार्कात आणि खोली शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, पण घरमालकीण मराठी मिळाली म्हणजे दुधात साखर. सुनेत्राताईंनी आल्या आल्या पिठलं-भात वाढला, मला धाकटी बहीण म्हणाल्या. त्यांचे यजमान निशिकांत कामानिमित्त बाहेर असतात म्हणे. बुकित म्हणजे डोंगर, हेही त्यांनीच सांगितलं. सिंहगड चढलेल्या बाईने याला डोंगर म्हणायचं म्हणजे फारच झालं! तसं बोलले, तर ताई म्हणाल्या, गुड फ्रायडेच्या सुट्टीत मलेशियात हायलँड्सला नेते, खरा डोंगर दाखवते.

१५ एप्रिल, हायलँड्स

अश्विनला ऑफिसने सोडलं नाही, म्हणून आम्ही दोघीच. डोंगराची धार काय सुंदर आहे! दोन्हीकडे दरी, शेवाळलेली वाकडी झाडं, पायाखाली लाल चिखल. वाटाड्या मलय भाषेत अगदी हात जोडून काहीतरी सांगत होता. ताईंना मलय येते. त्यांनी अर्थ सांगितला, कचरा टाकू नका म्हणतोय.

दुपारी ढग उतरले. ताई मागेच लागल्या, नवी नवरी आहेस, नाव घे की, चांगलं खणखणीत. मग मीही दरीकडे तोंड करून घेतलं:

डोंगरमाथ्यावर ढग उतरले दाट,
अश्विनरावांचं नाव घेते, सोडा माझी वाट!

खालून कुणीतरी ओ दिली. वाटाड्या मटकन खाली बसला. ताई रडत होत्या. कौतुकानेच असणार.

१८ एप्रिल, बुकित बातोक

अश्विन हाकेला ओ देत नाही. समोर बसून चहा पितो, पण नाव घेतलं की दुसऱ्या कुणाला हाक मारल्यासारखा बघतो. त्याच्या ऑफिसच्या बुटांना लाल चिखल लागलाय. तो तर आलाच नव्हता. ताईंना सांगायला गेले. त्या पुरुषांच्या शर्टांना इस्त्री करत होत्या. हवा बदलली की होतं असं, म्हणाल्या.

२० एप्रिल

अश्विन नाही. बूट इथे, पासपोर्ट इथे.

ताईंनीच सांगितलं, भाजी चिरता चिरता. धारेवर नाव घेऊ नये. ज्याचं घ्याल त्याला डोंगर नेतो आणि आधी नेलेल्याला सोडतो. वाटाड्या तेच सांगत होता. निशिकांत गेल्या वर्षी तिथेच —

बहीण म्हणाली होती ही मला! केसाने गळा कापला माझा.

२१ एप्रिल

निशिकांत आले. ओलेचिंब. अश्विनच्या खुर्चीवर बसून जेवले.

पोलिसांना काय सांगू? उखाणा घेतला म्हणून?

२४ एप्रिल

ताई म्हणतात, रडू नकोस, मार्ग आहे. पलीकडच्या ब्लॉकमध्ये नाशिकहून नवं जोडपं आलंय. हर्षा तिचं नाव. लग्नाला दोन महिने झालेत —

मी हे करणार नाही. मी सुनेत्रा नाही.

२८ एप्रिल

हर्षाला आज सगळं सांगणार होते. नक्की सांगणार होते. भाबडी आहे, मला ताई म्हणते —

अश्विन हाका मारतो. भर दिवसा, मोरीच्या नळातून. गारठलोय म्हणतो —

हर्षाने विचारलं, मे डेच्या सुट्टीत कुठे जाण्यासारखं आहे का. मी तोंड उघडलं, सांगायलाच उघडलं होतं, आणि म्हटलं, तुमच्या ह्यांना सुट्टी नसेल तर आपण दोघीच —