स्पीकर पुटपुटतात

शनिवार, ५ ऑक्टोबर

चर्चच्या तळघरात आज बिंगोला तमाशा. कार्ड भरलं म्हणून यूजीन 'बिंगो' असं ओरडला म्हणे. मला काही ऐकू आलं नाही, मी आकडे बोलत राहिले. तेवढ्यात हेलनचंही कार्ड भरलं. बक्षिसाचं हॅम, डुकराची अख्खी तंगडी, एकच; दावेदार दोन. दोघांनी दोन टोकांना धरलं, तेव्हा फादर मारेक मध्ये पडले.

लुसिल पहिल्या बाकावर हसत होती. आकडे बोलायच्या माझ्या खुर्चीवर तिचा कित्येक वर्षं डोळा आहे. म्हणाली, कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून बारीक शिट्टी येते, डोकं उठतं. सगळे हो म्हणाले. मला शिट्टीबिट्टी आली नाही ऐकू, पण मुद्दा पटला. शिट्टीनेच यूजीनचं ओरडणं खाल्लं. दुसरं काय असणार?

फादर म्हणाले, महिनाअखेर हे निस्तरलं नाही तर आकडे लुसिल बोलेल. मी म्हटलं, निस्तरते. टीव्हीच्या कारखान्यात सोल्डरिंगच्या लाइनवर जन्म गेलाय माझा. दोन्ही स्पीकर काखोटीला मारून घरी आणले.

रविवार, ६ ऑक्टोबर

उघडले. जे वाटलं होतं तेच. आतले कपॅसिटर, वीज साठवणारे छोटे डबे, म्हातारे झालेत. सपाट असायला हवीत ती डोकी भट्टीतल्या पावासारखी फुगलीत. एकाने तर खालून तपकिरी चिकटा गाळलाय. म्हातारपण आलं की गळायचंच. वेळेवर ओळखून बदललं पाहिजे, बाकी काही नाही.

स्पीकर लावले की आमचा कुत्रा पोंचेक उठून आंघोळीच्या टबात जाऊन बसतो. नाटकी आहे.

क्लाराचा फोन. माझीच मुलगी, पण बोलते अशी की तोंडात बटाटा. कान तपासून घे म्हणाली. मी म्हटलं, माझे कान ठीक आहेत, तू दात तपासून घे. तिने फोन ठेवला. बहुतेक ठेवला.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

कपॅसिटर आणले. दुकानातला पोरगाही पुटपुटत होता. हल्ली शाळेत नीट बोलायलाच शिकवत नाहीत. मी सहावीत शाळा सोडली, पण माझं बोलणं रस्त्याच्या पलीकडे ऐकू जातं.

गुरुवार, १० ऑक्टोबर

सगळे कपॅसिटर बदलले. प्रत्येकाची मायनसची पट्टी मायनसकडे. एकही टाका कच्चा नाही. कारखान्यातला सुपरवायझर असता तर त्याला खोट काढायला जागा मिळाली नसती. टेबलक्लॉथ थोडा जळला. जुनाच होता.

रेडिओचा आवाज स्पीकरमधून लावला. पोंचेक टबातून बाहेर आला आणि स्पीकरला डोकं टेकवून झोपला. पण बातम्यांचं तेच, शब्द चघळल्यासारखे. म्हणजे दुकानदाराने मला रद्दी माल दिला. बाई बघून फसवतात.

शनिवार, १२ ऑक्टोबर

स्पीकर माझ्या घरी, म्हणून बिंगोला आकडे गळ्यानेच बोलले. काही अडलं नाही. हेलन जिंकली तेव्हा उठून हात हलवू लागली, मला लगेच कळलं. त्यावरून नियम केला: जिंकणाऱ्याने उभं राहायचं. ओरडणं तसंही गावंढळ दिसतं.

यूजीन म्हणाला की त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, तो उभा राहीपर्यंत नाताळ उजाडेल. नवीन काही सुचवलं की लोकांना त्रासच होतो.

सोमवार, १४ ऑक्टोबर

दुसऱ्या दुकानातून महागातले कपॅसिटर आणून परत सगळे बदलले. रेडिओच्या बातम्या लावून आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. आता जरा बरं.

शेजारचा टेड दारात आला. लाल तोंड, हातवारे. त्याचं म्हणणं असं की उद्या पाऊस आहे हे आता पूर्ण गल्लीला कळलंय. मी म्हटलं, बाबा रे, स्पीकर अशक्त आहेत, तुला कसं कळलं? कानांवर हात ठेवून गेला. डोकं दुखत असेल बिचाऱ्याचं.

बुधवार, १६ ऑक्टोबर

विचार केला. आधी स्पीकर लावले की पोंचेक टबात पळायचा. आता पळत नाही. म्हणजे एक तर शिट्टी गेली, नाही तर पोंचेक बहिरा झाला. आवाज अजून वाईटच आहे, तेव्हा स्पीकर बरे झाले असं म्हणता येत नाही. उरला पोंचेक. वाईट वाटलं. बारा वर्षांचा आहे, व्हायचंच.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

पोंचेकला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर आमच्या दोघांच्या मागे जाऊन उभा राहिला. काय करत होता कोण जाणे. पोंचेक गर्रकन वळला. मी कशाला वळू? मग डॉक्टर पुढे आला, हातात बिस्किटाची पुडी. म्हणाला की पुडी चुरगाळली, कुत्र्याचे कान उत्तम आहेत. हे सांगताना कुत्र्याकडे नाही, माझ्याकडे बघत होता. विचित्र माणूस. जनावरांत राहून राहून असं होत असेल.

शनिवार, २६ ऑक्टोबर

स्पीकर हॉलमध्ये लावले. सगळ्यांनी वाहवा केली. शिट्टी साफ गेली, असं खुद्द लुसिल म्हणाली. म्हणताना तिचं तोंड कडू झालं होतं. मी खुर्चीत ताठ बसले.

मग आकडे बोलायला लागले. छान चाललं होतं. एकदा मान वर केली तर अख्ख्या तळघराची तोंडं उघडी. यूजीन काठी टेबलावर आपटत होता. हेलन उभी. फादरांनी येऊन प्लग काढला. मला काही फरक जाणवला नाही.

फादर माझ्यासमोर खाली बसले, तोंड माझ्या तोंडासमोर आणलं आणि एकेक शब्द सुटा करून बोलले, "वांडाबाई, स्पीकर बरे झाले. आता तुमचं बघू या."

माझं काय बघायचंय?

फादरांची अट अशी: ऐकण्याचं यंत्र घातलं तर खुर्ची माझी, नाही तर लुसिलची. नऊ तारखेपर्यंत मुदत. असल्या धमक्यांना मी भीक घालत नाही. कानाच्या डॉक्टरची सोमवारची वेळ घेतली, ती फक्त क्लाराचं तोंड बंद करायला.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

यंत्र आलं. शेंगदाण्याएवढं. कानात घातलं. फ्रिज घरघरतो हे कुणी सांगितलं नव्हतं मला. पोंचेक घोरतो. क्लाराने तोंडातला बटाटा काढलेला दिसतोय. उद्या खुर्चीत बसणार आणि लुसिलचं तोंड बघणार.

रात्री जेवताना यंत्र जरा सरकलं, दाबून बसवलं. जेवायला आलेल्या क्लाराने कानांवर हात ठेवले. म्हणाली, आई, शिट्टी येतेय त्यातून. मला काही आली नाही.

पोंचेक उठला आणि टबात जाऊन बसला.

म्हणजे यातलाही कपॅसिटर गेला. नवीन वस्तू, आणि ही तऱ्हा. क्लारा म्हणाली की फक्त नीट बसलेलं नाही, उद्या दुकानात जाऊ. दुकानात कशाला? घरात सोल्डरिंग गन आहे.

शनिवार, ९ नोव्हेंबर

यंत्र सकाळी उघडलं. आत ओळखीचं काही नव्हतं. सोल्डरिंग गनचं टोक सगळ्या यंत्रापेक्षा मोठं निघालं.

आकडे लुसिल बोलली. मी पहिल्या बाकावर कार्ड घेऊन बसले होते. माझ्या कार्डावर रात्रभरात एकही आकडा लागला नाही. लुसिल फार पुटपुटते.