फाटकावरची पहिली जर्सी

किविसाल्मी,
फेब्रुवारीचा दुसरा आठवडा

प्रिय तानेली,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशीलच. तुझ्या बर्फावरच्या हॉकीच्या पहिल्या स्केटच्या आत तुझं नाव मीच लिहिलं होतं, आणि तेव्हाही ते इतकंच वाकडं आलं होतं. पत्र लिहायची मला सवय नाही. पण फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी मी काय बोलणार? आपल्याकडची माणसं फोनवर हवामान सांगतात आणि ठेवून देतात. तर हवामान आधीच सांगून टाकते. उणे बावीस आहे, तळं या काठापासून त्या काठापर्यंत गोठलंय, आणि माझं धार लावायचं चाक सकाळपासून थांबलेलं नाही. अर्ध्या गावाच्या स्केट माझ्या फळीवर रांगेत आहेत.

तू स्वित्झर्लंडला जाणार असल्याची बातमी आली त्याला दहा महिने झाले. जाताना तू मला भेटला नाहीस. नाताळला आला नाहीस. नोव्हेंबरमध्ये तुझ्या तळ्याकाठच्या घराला ‘विकणे आहे’ अशी पाटी लागली, तेव्हा मी मुद्दाम चालत जाऊन ती पाहून आले. वाफेच्या सौनाच्या दारापर्यंत बर्फ साचला होता आणि कोणाच्याही पावलांचा ठसा नव्हता. मी तिथे उभी राहून विचार केला, की बत्तीस वर्षं ज्या गावात काढली त्या गावात परत पाऊलच ठेवायचं नाही, असं हा पोरगा खरंच ठरवून बसलाय का? तुला माझी खोड माहीत आहे. एखादी गोष्ट कळली नाही, तर कळेपर्यंत मला जेवण गोड लागत नाही. म्हणून गेले काही महिने मी चौकशी करतेय, आणि जे हाती लागलं ते तुला कळवतेय.

आधी तो एप्रिलमधला गुरुवार. उपांत्यपूर्व फेरीत आपण हरलो त्याला दोनच दिवस झाले होते. सकाळी वर्तमानपत्र आलं आणि पहिल्याच पानावर तुझ्या जाण्याची बातमी. आपल्या गावाने काय केलं असेल? काहीच नाही. किराणा दुकानात कोणी तुझं नाव काढलं नाही, चर्चमध्ये काढलं नाही. हॉकीच्या रिंकवरच्या कॉफीच्या रांगेत माणसं नेहमीपेक्षा गप्प होती, एवढंच. सॉसेजवाल्या आर्मासने तेवढं एक वाक्य टाकलं, “सोन्याचं हेल्मेट दुसऱ्याच्या डोक्यावर गेलं, मग साहेबांना इथला बर्फ कशाला गोड लागेल?” आणि पुन्हा मोहरीची चटणी ढवळायला लागला. सहा हंगाम संघात सगळ्यांत जास्त गुण तुझे, म्हणून त्या मानाचं सोनेरी हेल्मेट तुझंच. गेल्या वर्षी फेब्रुवारीत तुझ्याच संघातला रोपे एका गुणाने पुढे गेला आणि हेल्मेट त्याला गेलं. गावाने दोन अधिक दोन केले आणि उत्तर पाच काढलं. मी मात्र तो पुढे गेला तो सामना पाहिला होता. समोर गोल मोकळा होता, गोली पडलेला होता, पकची चकती तुझ्या काठीवर होती, आणि तू ती शेजारच्या रोपेला दिलीस. त्याच्याआधीच्या सामन्यातही दिली होतीस. हेवा करणारा माणूस असं करत नाही. ते हेल्मेट तू जाण्याआधी मुद्दाम गावातच ठेवून गेलास, असं मला वाटतं. रोपेला ते अजून सैल होतं. मी आतून कापडाची पट्टी लावून दिली आहे.

तर, बोलण्याचं असं. पण रिंकच्या फाटकाला जर्सी लागली होती, तुझ्या सत्तावीस नंबरची. सकाळी एक होती, दुपारी चार झाल्या आणि अंधार पडेपर्यंत अकरा. रविवारी मी मोजल्या तेव्हा एकशे त्रेचाळीस होत्या, लहान पोरांच्या, आज्यांच्या, एक तर कुत्र्याच्या अंगातली. वर्तमानपत्रात फोटो आला आणि खाली लिहिलं, ‘किविसाल्मीने जर्सी परत केल्या’. सोमवारी तू तुझ्या स्केट न्यायला आलास. मी फाटकासमोरच्या माझ्या दुकानाच्या खिडकीतून पाहत होते. तुझी गाडी फाटकासमोर थांबली. इंजिन चालूच होतं. दोन मिनिटं असेल, जास्त नाही. मग तू गाडी वळवलीस. तुझ्या स्केट अजून माझ्याकडेच आहेत, धार लावून, तेल लावून.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये तुझ्या निरोपाची कॉफी होती. वाचनालयातल्या सीर्पाने तीन थरांचा केक केला होता, वर स्ट्रॉबेरींनी सत्तावीसचा आकडा. लोक चांगले कपडे घालून आले होते. चाळीस मिनिटं तुझी वाट बघत आम्ही त्या केककडे पाहत बसलो. शेवटी आर्मास उठला आणि कापायला लागला, पण आकड्याला त्याने सुरी लावली नाही, कडेकडेने कापत गेला. मधला तुकडा कोणी घेतला नाही. मला तेव्हाच कोडं पडलं, की जर्सी परत करणारं गाव तुझ्यासाठी केक कसा करतं?

आता तुला हसू येईल असं सांगते. तुझं नाव इथे अजून कोणी काढत नाही, पण तुझ्या संघाचे निकाल सगळ्यांना पाठ आहेत. आर्मास परवा माझ्याकडे आला आणि ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं विचारू लागला, “मावशी, आल्प्समध्ये सात वाजता इथे किती वाजतात गं? सहज विचारतोय.” मी म्हटलं, आठ. तो म्हणाला, “हो, तेच,” आणि निघून गेला. त्या दिवशी त्याने टपरी पावणेआठलाच बंद केली. सीर्पाने वाचनालयासाठी जर्मन शिकायची चार पुस्तकं मागवली. चारही कायम कोणीतरी नेलेली असतात. डिसेंबरात तुझा खांदा दुखावल्याचं कळलं, तेव्हा कॉफीच्या रांगेत आठवडाभर खांद्याच्या दुखण्यावरचे उपायच चालले होते. कोणाचा खांदा, ते मात्र कोणी बोललं नाही.

मग मी विचारायलाच सुरुवात केली. माझ्या हातात माणसाची स्केट असली की तो पळून जाऊ शकत नाही, हा माझ्या धंद्याचा फायदा. पहिली धार लावेपर्यंत हवामान, दुसरी लावताना प्रश्न, एप्रिलमध्ये जर्सी का लावलीस? सीर्पा म्हणाली, “म्हणजे काय, निरोपाच्या होत्या ना त्या? मी तर धुऊन, इस्त्री करून लावली होती.” आर्मास म्हणाला रागाने लावली. दुसऱ्या दिवशी त्याचा राग ओसरला, पण जर्सी काढायला गेला तर लोक बघत होते. शाळेतल्या बाईंना वाटलं तुझं नशीब चांगलं निघावं म्हणून लावतात. त्यांच्या माहेरच्या गावी तसं काहीतरी करतात म्हणे. बाकीच्या बहुतेकांनी लावली ती सगळ्यांनी लावली म्हणून. राग होता, माया होती, नुसती रीत होती. पण एकाने दुसऱ्याला विचारलं नाही, की बाबा, हे आपण नक्की काय करतोय. विचारणं म्हणजे आपल्याकडे दुसऱ्याच्या घरात बुटांसकट शिरण्यासारखं. महिना संपेपर्यंत त्या जर्सी एकेक करून गेल्या. आल्या तशाच, कोणी कोणाला न दिसता.

जानेवारीत बसचालक तोइवो आला. त्याच्या स्केटला धारेची गरजच नव्हती, मी पात्यावरून बोट फिरवताच ओळखलं. बसला, टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाला, “मावशी, ती पहिली जर्सी माझी होती. पण मी लावली नाही.” बुधवारी बसमधून उतरताना ती कुठेतरी पडली. गुरुवारी शोधत आला तर फाटकावर, आणि भोवती दुसऱ्या तीन. “काढली असती तर म्हणाले असते तोइवो फितूर. ठेवली तर म्हणतात सुरुवात तोइवोने केली. मी काय करू? बस चालवत राहिलो.” दहा महिने तो माणूस नीट झोपलेला नाही. जाता जाता म्हणाला, “पण मग लावली कोणी, मावशी?” मी म्हटलं, धार झाली, घे तुझ्या स्केट.

तू पहिलीत होतास तेव्हाचं आठवतं? त्या थंडीत तू सहा हातमोजे हरवलेस, सगळे डाव्या हाताचे. तुझी आई वैतागायची, आणि तुला काही वाटायचं नाही. तू सरळ फाटकाकडे जायचास, तिथल्या खिळ्याला हातमोजा लटकत असायचा. बर्फात पडलेलं कोणी उचलून वर लावून ठेवलेलं असायचंच. एकदा तू मला विचारलंस, मोजे चालत जातात का तिथे. प्रश्न विचारायची खोड तुला माझीच लागली असणार. एकोणिसाव्या वर्षी, संघात निवड झाली त्या दिवशी, सगळे नाचत होते आणि तू माझ्या फळीवर बसून म्हणालास, “मावशी, बर्फ सगळीकडे सारखाच असतो का?” मला काय ठाऊक? मी या तळ्याशिवाय कुठे पाय ठेवलाय? गाव म्हणतं तू पैशासाठी गेलास, हेल्मेटसाठी गेलास. मला वाटतं, तू ते एक उत्तर बघायला गेलास. चुकत असेन तर तसं लिही. बरोबर असेन तर तिथला बर्फ कसा आहे ते लिही, मऊ की कडक, आणि वळताना पातं कसं वाजतं. मला खरंच जाणून घ्यायचंय.

आता जे लिहायला बसले ते. चार पानं झाली तरी मी त्याच्याभोवतीच फिरतेय. पहिली जर्सी मी लावली, तानेली. गुरुवारी सकाळी साडेसहाला, वर्तमानपत्र यायच्या आधी. पार्किंगमधल्या चिखलात पडली होती. मी झटकली आणि ज्याची असेल त्याला दिसावी म्हणून त्याच खिळ्याला लावली. दुपारी चार झाल्या तेव्हा मला हसू आलं. दुसऱ्या दिवशी भीती वाटली. आणि सोमवारी तू गाडी वळवलीस तेव्हा मी दार उघडून धावायला हवं होतं. मी खिडकीत उभी राहिले, हातात तुझ्या स्केट धरून. लाज वाटली, दुसरं काही नाही. सगळ्या गावाला प्रश्न विचारत फिरले, कारण एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडेच होतं. मला माफ कर. परवा दलाल तुझ्या घराची माझ्याकडे ठेवलेली किल्ली मागायला आला, आणि मी या वयात त्याला खोटं सांगितलं, की सापडत नाही. ती कॉफीच्या डब्यात आहे. काल मी तोइवोला खरं सांगितलं. मग तुझी सरावाची जुनी जर्सी, जी तुझ्या स्केटबरोबर माझ्याकडेच राहिली होती, ती धुतली आणि फाटकाच्या खिळ्याला लावली. तोइवोने बस थांबवून पाहिली आणि मान हलवून गेला. आर्मास बराच वेळ उभा होता. संध्याकाळपर्यंत तिच्या शेजारी दुसरी कोणी लावली नाही, तेव्हा या खेपेला सगळ्यांना बरोबर कळलंय. हरवलेली वस्तू आपण फाटकाला कशासाठी लावतो, हे तुला मी सांगायला नको. बर्फ वितळला तरी मी ती काढणार नाही.

तुझीच,
हिल्कामावशी