सतरा ऑगस्टचा आठवा डाव

“चूक, शॉर्टस्टॉपची.” माझे वडील एमिल क्रेमेनाक एवढंच बोलले, १७ ऑगस्ट १९७९ च्या संध्याकाळी, आमच्या गावच्या बेसबॉल मैदानावर, लाउडस्पीकरवरून. शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे आतल्या फळीतल्या क्षेत्ररक्षकाच्या, जागी उभा होता माझा धाकटा भाऊ लेनर्ड. मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, असं माझ्या वकील मिस लिंडग्रेन म्हणाल्या. पण माझ्याकडे मागे ठेवण्यासारखं जे काही आहे ते या वाक्यापाशी येऊन अडतं, म्हणून ते आधी.

मी, आर्लीन क्रेमेनाक डॉबिन्स, वय सत्तेचाळीस, राहणार केल्सो बेंड, आयोवा राज्य, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहिते आहे. दुखण्यावरच्या गोळ्या मी दुपारपर्यंत घेत नाही, त्यामुळे सकाळी डोकं स्वच्छ असतं. डॉक्टरांच्या मते मी नाताळ पाहीन, एप्रिलमधला पहिला सामना पाहणार नाही. याआधी केलेलं कुठलंही मृत्युपत्र मी रद्द करते. केलेलं नाही, पण असं लिहावं लागतं.

पहिलं. घर, मागचं गॅरेज आणि बँकेत जे असेल ते माझे पती रसेल डॉबिन्स यांना. आम्हाला मूल नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करावी. रसेल, लोकांचे दुरुस्तीला आलेले फ्रीज मागच्या हिवाळ्यापासून पडून आहेत. ते आधी पोचते कर.

दुसरं. आईचं खसखस दळायचं यंत्र शेजारच्या व्हर्ना ब्लाझेकला. माझ्या कोलाचीच्या गोड पावांत खसखस कमी पडते, हे तिने चर्चच्या प्रत्येक जेवणात, मी ऐकेन अशा बेताने, सगळ्यांना सांगितलं आहे. आता तूच दळ, व्हर्ना, आणि तूच भर.

तिसरं. रेडिओ स्टेशनचे व्यवस्थापक डेल ओस्टरमन यांना काहीही नाही. ‘आजचा दिवस’ हा आमचा कार्यक्रम पाच मिनिटांचा होता. ट्रॅक्टरच्या जाहिरातीसाठी त्यांनी तो तीन मिनिटांवर आणला. “आर्लीन, मेलेल्या खेळाडूंना कसली आलीये घाई? घाई ट्रॅक्टरवाल्याला आहे,” असं ते म्हणाले होते, आणि मी हसले होते. ते हसू मी परत घेते.

चौथं. त्या कार्यक्रमाची कार्डं. पापांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वर्षातल्या प्रत्येक तारखेचं एक कार्ड केलं होतं. त्या दिवशी बेसबॉलमध्ये कोण जन्मलं, कोण गेलं, काय घडलं, हे ते रोज न्याहारीच्या वेळी रेडिओवर वाचत. त्यांना पक्षाघाताचा झटका आल्यावर मी वाचू लागले. सगळी कार्डं गावच्या वाचनालयाला द्यावीत आणि ती काचेच्या कपाटात बंद करू नयेत.

सतरा ऑगस्टच्या कार्डावर तीन ओळी आहेत. १९२०: क्लीव्हलंडचा शॉर्टस्टॉप रे चॅपमन, आदल्या दिवशी डोक्याला चेंडू लागल्याने वारला. १९३३: लू गेरिगने सलग सामने खेळण्याचा जुना विक्रम मागे टाकला. १९७९: केल्सो बेंडच्या रसेल डॉबिन्सचा नो-हिटर, प्रतिस्पर्ध्यांचा एकच गडी बेसवर पोचला, तो लेनर्ड क्रेमेनाकच्या चुकीमुळे. आई म्हणायची, “एका शॉर्टस्टॉपला चेंडूने मारलं, दुसऱ्याला बापाने.”

मिस लिंडग्रेन बेसबॉल पाहत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी लिहिते. मारलेला चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातून निसटला, तर ती फलंदाजाची कमाई, म्हणजे हिट, की क्षेत्ररक्षकाची चूक, हे गुणलेखक ठरवतो. पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, अख्ख्या सामन्यात एकही हिट दिली नाही तर तो नो-हिटर. बहुतेकांच्या वाट्याला तो जन्मात येत नाही. आमच्या मैदानाचे गुणलेखक पापा होते. आठव्या डावात चेंडू लेनीच्या हातमोज्याला लागून मागच्या गवतात गेला. पापांनी हिट म्हटलं असतं तर रसेलचा नो-हिटर तिथेच संपला असता. पापा चूक म्हणाले. नेमका त्या दिवशी वरच्या श्रेणीतल्या संघाचा माणूस लेनीला पाहायला आला होता. सप्टेंबरात लेनीला काढून टाकलं. त्या एका चेंडूमुळे काढलं असं कोणाला सिद्ध करता आलं नाही, आणि लेनीच्या मनातून ते कोणाला काढताही आलं नाही.

मी प्रेक्षकांत होते. पण मी भावाच्या चेहऱ्याकडे पाहत होते, चेंडूकडे नाही.

गुणलेखकाला आपला निर्णय एका दिवसाच्या आत बदलता येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने सगळ्यांना अंडी वाढली आणि ती उभीच राहिली.

“एमिल, संध्याकाळपर्यंत वेळ आहे. चेंडू पोराच्या अंगावर अचानक उसळला, ती हिटच होती.”

“मी तिथे बाप म्हणून बसलो नव्हतो, लिबी. स्कोअरर म्हणून बसलो होतो.”

“आणि इथे कोण बसलंय?” लेनी म्हणाला. “नाही, मीठ कोणाकडे मागायचं ते कळू दे.”

पापांनी मीठ त्याच्याकडे सरकवलं.

तेवढ्यात रसेल दारात आला. पापांचे आभार मानायला आला होता बिचारा, इस्त्रीचा शर्ट घालून. लेनी उठून त्याच्यासमोर उभा राहिला.

“हा होता मैदानाच्या मधोमध. रस, तू सांग. उसळला का नाही चेंडू?”

“मी पाठमोरा होतो, लेन.”

“नो-हिटर चाललाय आणि हा पाठमोरा! काय करत होतास रे, ढग मोजत होतास?”

रसेल खाली बघत राहिला. पापा बाहेर जाऊन गवत कापायला लागले. कापून झालेल्या जागेवरूनही त्यांनी पुन्हा यंत्र फिरवलं. संध्याकाळ झाली आणि निर्णय कायम झाला. लेनी संघातल्या मुलांबरोबर राहायला गेला, आणि हंगाम संपल्यावर ओरेगॉनला.

पाचवं. माझा भाऊ लेनर्ड क्रेमेनाक, लाकडाच्या गिरणीत कामाला, यास त्याचा हातमोजा. तो इथेच राहिला होता. दर वसंतात आई त्याला तेल लावायची, आईनंतर मी लावत आले. चामडं अजून मऊ आहे. टपालाने पाठवू नये, कोणीतरी हातात नेऊन द्यावा.

लेनी, मी रसेलशी लग्न करतेय हे सांगायला फोन केला तेव्हा तू म्हणालास, “अख्ख्या आयोवात तुला नवरा म्हणून माझी चूकच सापडली?” मी म्हटलं, “चूक तुझी, नवरा माझा.” तू हसलास. हसता हसता फोन ठेवलास आणि लग्नाला आला नाहीस. आईच्या वेळी आलास, चर्चमध्ये सगळ्यात मागे उभा राहिलास, आणि जेवणाआधी निघून गेलास. पापांच्या वेळी आलाच नाहीस. मी तुला दोष देत नाही. पण एक गोष्ट फोनवर कधी सांगता आली नाही.

तुला वाटतं, पापा दरवर्षी तुझी चूक गावासमोर वाचायचे. वाचायचे, खरं आहे. पण घरात ते तुझं नाव घेत नसत. कोणी घेतलं की खोलीतून उठून जात. वर्षातून एकदा, रेडिओवर, ते ‘लेनर्ड क्रेमेनाक’ असं पूर्ण नाव उच्चारायचे, आणि आई हातातलं काम टाकून ते ऐकत उभी राहायची. पापांच्या शेवटच्या ऑगस्टमध्ये मी ते कार्ड वाचून घरी आले. झटक्यानंतर त्यांचे शब्द अडकायचे, पण हे स्वच्छ बोलले.

“लेनी आलाय?”

“नाही, पापा.”

“मग कोणासाठी वाचलंस?”



सहावं. मला आईपापांच्या शेजारी पुरावं. दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण द्यावं, आणि व्हर्नाने काहीही म्हटलं तरी तिला वाद घालू द्यावा. तिला रडू आलं की ती भांडते.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, मोठ्याने वाचून पाहिला, आणि तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे. खालील दोघांनी मला सही करताना पाहिलं आणि माझ्यासमोर आपल्या सह्या केल्या. दोघांनाही यातून काही मिळणार नाही; मी केलेली कॉफी तेवढी मिळाली.

आर्लीन क्रेमेनाक डॉबिन्स
(सही)

साक्षीदार:
१. गॉर्डन प्लथ, टपालवाहक (सही)
२. इव्हेट शिमेक, परिचारिका (सही)

केल्सो बेंड, आयोवा
१२ नोव्हेंबर २००३

सहीच्या खाली लिहिलेलं कायद्याने कोणाला बांधत नाही, असं मिस लिंडग्रेन म्हणाल्या. म्हणून हे इथे लिहिते.

रसेल, इतकी वर्षं तुझ्या शेजारी झोपले आणि हे कधी विचारलं नाही. अजूनही लोक रस्त्यात तुला हाक मारतात, “ए नो-हिटर, माझा फ्रीज गळतोय रे!” आणि तुझे कान लाल होतात. तो दिवस तुझ्याकडून जावा असं मला वाटत नाही. तो जाणारही नाही, नोंद आता कोणी बदलू शकत नाही. पण तू पाठमोरा नव्हतास; स्वतःचा नो-हिटर चालू असताना कोणी पाठमोरा नसतो. चेंडू उसळलेला तू पाहिलास आणि हाती आलेला दिवस सोडवेना म्हणून गप्प बसलास, की लेनी खरंच चुकला होता आणि ते त्याच्या तोंडावर सांगवेना म्हणून गप्प बसलास, मला माहीत नाही. पहिलं असेल तरी मी लग्न तुझ्याशीच केलं असतं. दुसरं असेल तर लेनीला ते ऐकावं लागेल. पन्नाशीकडे झुकलाय तो, ऐकू शकेल. मी असेपर्यंत तुम्ही दोघं माझ्यामार्फत एकमेकांची खुशाली विचारत होतात. आता मध्ये कोणी नसेल.

ओरेगॉनला जा, त्याच्यासमोर बस, आणि त्या दिवशी तू काय पाहिलंस ते त्याला सांग. तू नाही म्हणशील, मला माहीत आहे. तरी जा.