आम्हा दोघींची कपाळं

२५ जानेवारी, रविवार

सगळ्यात आधी उतरली ती मुलाची आजी. गाडी नीट थांबलीही नव्हती. तिचा मुलगा मागून ओरडतोय, "माय, जरा थांब!" आणि ही बाई आमच्या ओट्यावर. सुमनबाई नाव. मयूला बघायला शहाद्याकडची माणसं आली होती. मयू म्हणजे माझी नात, माझ्या मुलाची, बापूची मोठी, बँकेत आहे. नवरा मुलगा आलाच नाही, सुट्टी नव्हती. आईबाप आणि ही आजी. केळीचे घड आणले, एवढे मोठे की शेजारची इंदू कुंपणावर लटकूनच राहिली. आम्ही मिरची दिली. नंदुरबारवाले दुसरं काय देणार.

वरण-बट्टी केली होती. सुमनबाई तुपाला नाही म्हणत नाही. मला अशी बाई आवडते. मयूशी शेळ्यांपासून मोबाइलपर्यंत सगळं बोलली.

पण निघताना कुंकू लावायला माझ्यापुढे वाकली आणि माझी पिन सुटली. पदर पार मागे. मी ओढला, पण तिनं बघितलं. बघितलंच. बोट कपाळावर तसंच राहिलं. मग गाडीत बसेपर्यंत एक शब्द नाही. इतकी बोलणारी बाई.

२७ जानेवारी, मंगळवार

फोन नाही.

माझी वेणी कमरेखाली होती. लग्नात नणंदांनी ओढून पाहिली होती, खरी की गंगावन. आता हे. आधी डोकं भगभगायला लागलं, मग खाज, मग कपाळ वर वर सरकलं. भुवया गेल्या, त्या मी मयूच्या पेन्सिलीनं काढते. केस गेले तिथली कातडी गुळगुळीत, भाजल्याचा वण बरा झाल्यावर असते तशी. सगळे म्हणाले मिरची. मीही म्हणाले मिरची. थंडीभर पथारीवर लाल मिरची पसरायची, उलटायची, हात डोक्याला लागतोच. ताक चोळलं, खोबरेल चोळलं, फडकं दुहेरी बांधलं. डॉक्टरकडे कशाला जायचं, मिरची काय नवीन आहे का आम्हाला?

आमचे हे, म्हणजे आप्पा, म्हणतात, "तुन्हं कपाळ आते आपला वावरथीन मोठं व्हई गयं." मी म्हणते, मग पेरा त्यात कापूस.

पण हसून होत नाही. ते म्हणतील, आजीचं असं तर नातीचंही होईल. माझ्या डोक्यापायी पोरीचं मोडलं तर मी

चहा उतू गेला. जाते.

२९ जानेवारी, गुरुवार

फोन आला. सुमनबाई येतेय. शनिवारी. एकटी, एसटीनं! सूनबाईचा चेहरा उतरला. आप्पा म्हणाले, "नाही सांगायला कोणी एवढे धक्के खात येतं का?" ते खरं. पण हो सांगायला तरी कोण येतं?

रात्री भाकरी करताना मयूला सगळं सांगितलं, पिन कशी सुटली ते. मला वाटलं चिडेल. ती म्हणाली, "जिजी, तुन्हा कपाळमुळे जो मले नही म्हनी, तो मले भी नको." आणि भाकरी करपवली. बँकेत हुशार असेल, चुलीपाशी नाही.

३१ जानेवारी, शनिवार

आज काय झालं ते लिहिते.

सुमनबाई आली. चहा नको, पाणी नको. "मधली खोली कोनती?" माझ्याच घरात मला हाताला धरून आत नेलं आणि कडी लावली. मी म्हटलं, झालं. संपलं.

तर ती पदराच्या पिना काढायला लागली. एकेक काढायची, तोंडात धरायची. पदर खाली. मी बघतच राहिले. तेच कपाळ! तसंच गुळगुळीत, मागे पार टाळूपर्यंत. भुवया पेन्सिलीच्या, एक वर एक खाली, एसटीत काढल्या असणार.

"आते तुमनं दखाडा," म्हणाली.

मी पदर काढला.

"भगभगस?"

"भगभगस. मिरचीनं."

"मन्हा घरना म्हनतस केळीना चीक लागना." मग माझ्याकडे टक लावून, "बहिन, तुम्ही कधी केळीमा गयात?"

नाही गेले. आणि तिच्याकडे मिरचीचं एक झाड नाही. आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि असं हसू फुटलं की ती खाटेवर पडली. बाहेरून सूनबाई दार वाजवतेय, "जिजी, काय व्हयनं? रडी ऱ्हायनात का?" तिला काय सांगू.

त्या दिवशी गप्प का झालात, विचारलं. म्हणाली, "मले वाटे जगमा मी एकलीच शे. गाडीमा हासू की रडू, समजेना."

इतकी वर्षं बिचारी मिरची आणि बिचारी केळी शिव्या खात होत्या.

५ फेब्रु., गुरुवार

दोघी मिळून नंदुरबारला कातडीच्या डॉक्टरकडे. डॉ. म्हणजे मयूएवढी पोरगी. दोघींनी एकदम पदर काढले, ती दचकली. भिंग लावून बघितलं, कातडीचा बारीक तुकडा तपासायला घेतला. म्हणाली, "आजी, हा कातडीचा आजार आहे, मुळं बुजली तिथं केस परत येणार नाहीत. उरलेले राखायचा प्रयत्न करू." येणार नाहीत, हे ऐकून माझी वेणी आठवली. सुमनबाई म्हणाली, "चाला, तेल तरी कमी लागी."

मी विचारलं, नातीला होईल का? म्हणाली, हे एकमेकींना लागत नाही. घरात एखादीला होतं कधी, पण होईलच असं नाही. डोकं भगभगलं तर लवकर या, मिरचीवर ढकलू नका. म्हणजे सुमनबाईनं सगळं सांगून टाकलं होतं तिला!

स्टँडबाहेर भजी खाल्ली. तिखट. दोघींनी डोक्याला हात लावला नाही.

८ फेब्रु., रविवार

मुलगा मयूशी फोनवर बोलतो आहे. दोनदा झालं. मयू गच्चीवर जाते बोलायला, आणि खाली येते ती गाणं गुणगुणत. विचारलं तर, "समोर बसून बोलते, मग सांगते." हो पण नाही, नाही पण नाही. मी देवाला गूळ दाखवून ठेवला आहे, लागला तर लागला.

सुमनबाईचा फोन आला. म्हणते, आम्ही यायच्या दिवशी तुम्ही पिन लावू नका, मी पण नही लावत. पोराले दखू द्या, दोन्ही आज्या कशा शेतस. आप्पांनी ऐकलं. म्हणाले, मग त्या दिवशी लाइट लावायला नको, तुमच्या दोघींचा उजेड पुरेल.

पिना डबीत टाकल्या. परत काढल्या, परत टाकल्या. एक बाहेर ठेवली आहे, उशाशी.

रविवारी, २२ तारखेला येतो म्हणालेत. सगळे.