सुई कमी केली तेव्हाची भूक

बाबा, माणूस गेला की त्याचं सगळं माफ करायचं असतं, असं आई म्हणते. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली आणि मी काहीही माफ केलेलं नाही. आज सकाळी बेसा रोडवरच्या आमच्या दवाखान्यात एक माणूस मुलाला घेऊन आला. मी तिथे मधुमेहाच्या मुलांचा आहार बघते. तो म्हणाला, "मॅडम, सुई घेतली का हा जास्तच खाते. थोडी कमी केली तं जमन का?" जसंच्या तसं तुमचं वाक्य. मी त्याला तुमची गोष्ट सांगितली. अशी मी ती सगळ्यांनाच सांगते. नंदनवन वस्तीत एक अडाणी बाप राहायचा, अशी सुरुवात करते, आणि खोटं कशाला बोलू, सांगताना मला बरं वाटतं.

मी अकरा वर्षांची होते. मला साखर, म्हणजे मधुमेह, निघून वर्ष झालं होतं. तुम्ही कळमेश्वरच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचे, तुमच्या सहीशिवाय तिथला खिळाही हलत नसे, आणि घरातही तुम्ही तसेच वागायचे. त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाला सगळे नातेवाईक आलेले. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या, नैवेद्याचं ताट वाढून तयार, आरती व्हायची बाकी. मी ताटातलं पुरण बोटांनी उचलून खाल्लं. एकदा नाही, चार-पाच वेळा. आत्याने पाहिलं आणि तुम्हाला हाक मारली. "काहून वं, भस्म्या झाला का तुले? देवाच्या आधी खाऊन राहिली?" तुम्ही सगळ्यांसमोर बोललात. कोणीतरी हसलं. आईने सोवळ्यात पुन्हा पुरण घातलं, पंगत दोन तास लांबली, आणि प्रत्येक पाहुण्याला उशिराचं कारण सांगितलं गेलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमचा शोध लावला. सुई झाली की ही जेवायला बसते, म्हणजे भूक सुईनेच लागते. चौदा युनिटांची आठ केली, डॉक्टरांना न विचारता. स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुलूप लावलं. मी त्या कपाटासमोर उभी आहे, भिजत घातलेली चण्याची डाळ कच्चीच खाते आहे, आणि पोट भरतच नाही. आई म्हणते, "अहो, पोरगी वाळून राहिली." तुम्ही पेपरातून मान वर न काढता म्हणता, "वाळून नाही राहिली. सवय मोडून राहिली तिची."

आता ऐका, तुमच्याच भाषेत सांगते. साखर म्हणजे माल. इन्सुलिन असलं तरच तो चरबीच्या पेशीत उतरतो. माल उतरला की ती पेशी लेप्टिन नावाचं हार्मोन रक्तात सोडते, आणि ते मेंदूला कळवतं की साठा आहे, आता पुरे. तुम्ही इन्सुलिन कमी केलं. माल गेटवर तुंबला, रक्तात साखरच साखर, आणि आत गोदाम रिकामं. लेप्टिन घसरलं. चरबी झडायला वेळ लागतो, पण हे त्याच्याही आधी घसरतं. मेंदूला वाटलं दुष्काळ पडला. मी हावरट नव्हते, बाबा. माझी भूक तुम्ही वाढवली होती, स्वतःच्या हाताने, सिरिंजवरच्या रेघा मोजून, आणि वर कुलूपही तुम्हीच लावलं.

अकराव्या दिवशी मी शाळेत कोसळले. दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टरांनी तुम्हाला सगळ्यांदेखत झापलं. "पोरीले मारायला निघाले होते का तुम्ही?" तुम्ही मान खाली घालून उभे होतात, आत्याही तिथेच होती. मी सलाईन लावलेल्या अवस्थेत उघड्या दारातून ते पाहत होते आणि मला इतकं गोड काही त्याआधी मिळालं नव्हतं. त्यानंतर तुम्ही माझ्या ताटाकडे कधी पाहिलं नाही. फक्त रोज विचारायचे, "सुई घेतली ना, माय?" मी लग्न होऊन गेल्यावरही फोनवर तेच. शेवटच्या आजारपणात तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "मी तं तुले मारूनच टाकलं होतं." 

हे मी कुठे पाठवणार नाही, आणि उद्याही कोणी बाप आला तर गोष्ट नेहमीसारखीच सांगणार आहे. पण तिच्यातला एक भाग मी सांगत नाही. आठ युनिटांवर मी हाल सोसत का होईना, तगले असते. शेवटचे तीन दिवस तुम्ही भरून दिलेली सुई मी मोरीत रिकामी केली. तुम्ही घाबरावं, सगळ्यांसमोर तुमचीही मान खाली जावी, एवढंच मला हवं होतं. तुम्ही माझा हात धरलात तेव्हा हे मला आठवत होतं. मी मुद्दाम गप्प बसले.