बिनकडीची झोप

ता. ९ जाने. १९७३, मंगळवार

सुमन आली. बाळू भाऊजींनी पाण्याच्या टँकरमधूनच आणून सोडली आणि तसेच पुढच्या गावाला पाणी द्यायला गेले. बाळ तीन महिन्यांचं. आत्याबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, नातवाला मांडीवर घेतलं ते सोडीचनात.

सु. लग्नापासून नगरलाच भाऊजींच्या खोलीवर, बाळंतपण माहेरी. धाकटी जाऊ असून इथं राहायला म्हणून ही पहिलीच खेप. लग्नात दोन रात्री होती, पण तेव्हा मांडवभर माणसं. पिशवी ठेवली, आत जाऊन आली आणि बिनदाराची चौकट बघून उंबऱ्याशी थबकली.

"आक्का, रात्री इथं काय लावता?"

आत्याबाई म्हणाल्या, "फळी आडवी लावतो की. कुत्रं शिरतं म्हणून."

"आणि माणूस?"

"मानूस कशाला शिरंल? शनिदेव हाय की राखनीला."

सु. हसली, पण हसू अर्धंच.

ता. १२, शुक्र.

सु. झोपत नाही. बाळाला भिंतीकडे निजवते आणि आपण मधे पडते, पायाशी ट्रंक. पहाटे डोळे लाल. मला माझी पहिली रात्र आठवली. मी काष्टीची, मी पण कडीकोयंड्याच्या घरातली. दाराच्या जागी नुसता गोणपाट हलताना बघून रडले होते. मग केव्हा रडायची थांबले ते आठवत नाही. कुणी समजावलं नाही. सगळं गाव निवांत निजत होतं, त्यात मी पण निजले.

शेजारच्या ठकूमावशी ताक मागायला आल्या. गाय आटल्यापासून ताक नाही हे त्यांना ठाऊक आहे. बातमी सांगायला आल्या होत्या. नदीपल्याडच्या गावात भांडी गेली म्हणे. बाहेरून दुष्काळी कामावर आलेली माणसं. "पोटात न्हाई म्हनल्यावर मानूस काय बी करतंय."

सु.समोर नको होतं बोलायला.

ता. १४, रवि. संक्रांत

यंदा तीळ चिमूटभर, गूळच जास्त. हळदीकुंकवाला आळीतल्या सगळ्या आल्या. एकीनेही उखाणा घेतला नाही. चोरांचंच बोलणं. कुणी म्हणे अंगाला तेल लावून येतात, कुणी म्हणे मूठभर माती उडवली की घरचे गाढ झोपतात. पाहिलेलं कुणीच नाही. प्रत्येकीने कुणाकडून तरी ऐकलेलं, आणि सांगताना प्रत्येकीने पदरची एक ओळ घातलेली. मीही घातली असेन.

ता. १६, मंगळ.

सकाळी आरडाओरडा. ठकूमावशींची पितळी घागर नाही. लग्नातली, मोठी. त्यांची सून गंगू छाती बडवून सांगत होती, "काल हितंच हुती वो!" ठकूमावशी कालपासून घोडेगावला लेकीकडे. दुपारी परत आल्या. ऐकलं आणि "गेली तर गेली" म्हणून कूस बदलून पडून राहिल्या. गोवरीसाठी भांडणारी बाई. नवल वाटलं.

गावात एवढ्या वर्षांत असं झालं नव्हतं. हे तलावाच्या कामावरून आल्यावर जेवताना एवढंच म्हणाले, "आता अवघड आहे."

ता. १९, शुक्र.

आळीची तब्येत लिहून ठेवते.

आत्याबाईंना चक्कर. गंगूची पोरं रात्री दचकून उठतात. पलीकडच्या घरी नवराबायकोत भांडण, तिने पैंजण कुठं ठेवले ते त्याला सांगितलं नाही म्हणून. माझ्या छातीत जळजळ, भाकरी वर येते. खाण्यात फरक नाही, तीच लाल ज्वारी, तेच पाणी. साथ म्हणावी तर ताप कुणाला नाही.

आणि सगळ्याजणी काहीतरी लपवत फिरतात. ज्यांनी जन्मात डबा झाकला नाही त्या राखेत वाट्या पुरतात. सवय नाही, म्हणून कुठं पुरलं तेच विसरतात, आणि मग तेही गेलं म्हणून पुन्हा ओरड.

ता. २०, शनि.

उपास. जपात मन लागलं नाही, कान सगळा वेळ बाहेर.

सु.चं दूध कमी झालंय. बाळ पाच मिनिटं ओढतं आणि चिडून रडतं. अळीव दिले, शतावरी दिली. अर्धा शेर दुधाचा रतीब लावला, त्याचा खर्च साखर बंद करून बसवते.

ता. २३, मंगळ.

भाऊजींनी सु.ला डॉक्टरांकडे नेऊन आणलं. डॉक्टर म्हणाले, अंगात दोष नाही, झोप होऊ द्या. बाळाचं वजन मात्र घटलंय.

येताना भाऊजींनी टँकरच्या टपावर बांधून बांबूची ताटी आणली, दाराच्या जागी लावायला. भिंतीला टेकवली. आत्याबाई म्हणाल्या, "बाळू, ह्या घराला ताटी लागली तर मी देवळात राहायला जाईन."

"मग पोरगं उपाशी मारायचं का?"

"देवाच्या गावात कुनी मरत न्हाई ताटीवाचून."

"दूध आटतंय आई, दिसत नाही का तुला!"

हे मधे पडले. म्हणाले अमावास्येपर्यंत थांबू. शनी अमावास्या आहे, यात्रा होईल, मग ठरवू. सु. आतून हळूच म्हणाली, "तोपर्यंत बाळाचं?" भाऊजी म्हणाले, अमावास्येनंतरही असंच राहिलं तर नगरला नेतो, आणि मग आम्ही परत येणार नाही.

ताटी भिंतीलाच आहे. जाणारी येणारी प्रत्येकजण तिच्याकडे बघून जाते.

ता. २६, शुक्र.

टँकरच्या रांगेत होते. मागून आवाज आला, मोठ्याने, मला ऐकू यावा असा. "नगरवाली आली तवाच भ्या आलं गावात. सोबत घेऊन आली." ठकूमावशींचा आवाज. मी वळले नाही. हंडा भरून आणला आणि उंबऱ्यावर टेकताना अर्धा सांडला.

सु.ला सांगितलं नाही. तरी तिला कळलं असावं. दिवसभर बाहेर आली नाही.

विचार करत बसले. आजवर मी म्हणत आले की माझा देवावर विश्वास. पण खरं काय? मला देवावर विश्वास होता, की गावाला देवावर विश्वास आहे यावर? गावाचा डळमळल्याबरोबर माझी भाकरी पचेना. माझा स्वतःचा असा किती होता, गावाचा वजा करून बघावा तर...

ता. २९, सोम.

ठकूमावशी परसातून आल्या, पुढून नाही. बसल्या. वाकळेचा दोरा उसवत राहिल्या. मग एकदम, "घागर कडब्याच्या गंजीत हाय."

मला कळेना.

"म्याच ठिवली. पल्याडचं ऐकलं आन् जीव ऱ्हाईना. संक्रांतीच्या दुसऱ्या दिशी घोडेगावला जाताना खुपसली. सुनंला सांगाया इसरले. आले तर ह्यो गोंधळ. आता सांगू कशी? आमच्या सासूची सासू बिनकडीची झोपली आन् म्या देवावर इस्वास न ठिवता घागर लपवली. लोक काय म्हनतील?"

"आणि सुमनला बोललात ते?"

मान खाली. "त्वांडातनं गेलं. कुनावर तरी घालायचं हुतं."

म्हणजे चोर नाहीच. कुणी शिरलंच नाही. एवढी जळजळ, चकरा, भांडणं, लेकराचं वजन, सगळं एका घागरीपायी जी आवाराबाहेर गेलीच नाही. मला हसू यावं की रडू.

शपथ घातली मला. मी म्हटलं, मी सांगणार नाही, पण तुम्ही सांगा. "बगते," म्हणाल्या.

ता. ३ फेब्रु., शनि. शनी अमावास्या

लांबून लांबून माणसं, बैलगाड्या, तेलाचे डबे. दुष्काळातही लोकांनी तेल आणलं. आम्ही बायकांनी चौथऱ्याच्या खालून हात जोडले.

संध्याकाळी घागर ठकूमावशींच्या ओट्यावर. घासून लख्ख. गंगू किंचाळली. तासाभरात गावभर: देवानं आणून ठेवली, चोराला रस्ता दिसला नाही. लोक घागरीच्या पाया पडले. ठकूमावशी घागरीशेजारी बसून होत्या, माझ्याकडे बघत नव्हत्या.

ता. ५, सोम.

गाव झोपलं. खरंच. आत्याबाईंची चक्कर थांबली. माझी जळजळ थांबली, आणि मला तर खरं ठाऊक होतं! तरी सगळ्यांबरोबर थांबली. हे काय आहे ते मला उमगत नाही.

सु. एकटीच जागी. म्हणाली, "आक्का, देवानं परत आणली म्हणजे आधी कुणीतरी नेली होती ना? मग तो चोर आहेच की. इथंच कुठंतरी."

तिचं बरोबर आहे. ज्या गोष्टीने गाव निवलं तिनेच ती जास्त भ्यायली. भाऊजी गुरुवारी नगरला नेणार.

ठकूमावशींकडे गेले. म्हटलं, गावाचं राहू दे, गावाचं तुम्ही आणि देव बघून घ्या. पण त्या लेकराची आई जाग्रणाने सुकतेय. तिला तरी सांगा.

"ती हसंल मला."

"हसू दे. हसली तर बरंच."

ता. ७, बुध.

ठकूमावशी आल्या, या खेपेला पुढून. सु. बाळाला घेऊन बसली होती, कपडे बांधून तयार. त्यांनी सगळं सांगितलं. गंज, घोडेगाव, सून. शेवटी म्हणाल्या, "पोरी, भ्या माझं हुतं. तुझ्या नावावर लिवलं."

सु. हसायला लागली. थांबेचना. "कडब्यात? मावशी, बैलानं घागर खाल्ली असती म्हणजे!" ठकूमावशी आधी चिडल्या, मग त्याही हसल्या, दोघींच्या डोळ्यांत पाणी. आत्याबाई आतून ओरडल्या, काय झालं म्हणून. कुणी सांगितलं नाही.

हसता हसता सु.ची चोळी ओली झाली. बाळाला घेतलं. बराच वेळ सोडलं नाही त्याने.

ठकूमावशी उठताना, "आजपास्नं म्या निजते तुमच्या उंबऱ्यात. मला तरी कुठं झोप हाय."

ता. ८, गुरु.

भाऊजी न्यायला आले. सु. म्हणाली, आठ दिवस बघते. ताटीचं काय, तर म्हणाली, राहू दे भिंतीला. तिच्यावर बाळाची लंगोटी वाळत घातलीय. आत्याबाईंनी ती झटकून नीट पसरली.

दूध पहिल्यासारखं नाही अजून. रतीब चालूच.

ता. १२, सोम.

काष्टीहून निरोप. आईला दमा, बोलावलंय. हे म्हणाले जाऊन ये. मी म्हटलं सु.ला सोडून कशी जाऊ, ठकूमावशी पण लेकीकडे चालल्यात, हे आणि भाऊजी दोघं कामावर मुक्कामाला. उंबऱ्यात कुणी नाही, घरात फक्त ती आणि आत्याबाई.

सु. म्हणाली, "जा आक्का. एकदा तरी बघायचंय मला."

"काय?"

"माझ्यानं होतं का."

ता. १५, गुरु., काष्टी

काल संध्याकाळी पोचले. आई बरी आहे, दम लागतो पण बोलायचं थांबत नाही. रात्री तिने दार लावलं, कडी घातली, वर लाकडी आडणा सरकवला. इथं चोरीमारी नाही काही, जुनी सवय.

मला झोप आली नाही. इतक्या वर्षांनी कडीच्या घरात निजले आणि अंथरुणातून उठून दोनदा कडी चाचपून आले, नीट लागली आहे ना. दुसऱ्यांदा आई म्हणाली, "काय गं, तुला तर दाराची सवयच न्हाई."

खरंच नाही. कडी असली की ती लागली का हे बघावं लागतं.

तिकडे सु. काल पहिल्यांदा एकटी निजली असेल फळी आडवी लावून. निजली असेल, किंवा ताटी उचलून लावली असेल. लावली असली तरी मी तिला काही बोलणार नाही, हे रात्रीच ठरवलं. आत्याबाई त्यावरून देवळात राहायला निघाल्या असतील, तर त्यांच्याशी मात्र...

परवा शनिवार. सकाळच्या एस.टी.ने निघेन.