पडद्यामागचा डावा हात

ता. ८ जानेवारी १९१७, सोमवार. रात्री.
आजपासून रोजनिशी सुरू. माळावर सिनेमाचा तंबू आलाय. पाहिलेल्या प्रत्येक फिल्मवर माझं ओपिनियन इथं लिहीत जाणार. एक दिवसही चुकणार नाही. कोल्हापुरात कुस्ती कळणारे पुष्कळ, सिनेमा कळणारा निदान एक असावा.
आमची बसायची जागा पडद्याच्या मागच्या अंगाला. पुढं खुर्च्या, बाकं आणि पागोटी. मागं मोकळी जमीन, वारा, आणि शेजारी ख्वाजा. हा आमच्या पेठेतला घोड्यांची खोगिरं शिवणारा, माझा लहानपणचा दोस्त. मागचं तिकीट स्वस्त आहे हा योगायोग. खरा दर्दी मागंच बसतो. कापड ते कापड. धोतर कुठल्याही अंगानं नेसा, धोतरच राहतं.
आजची फिल्म: राक्षसवध. उत्तम. राजपुत्र तलवार डाव्या हातानं चालवतो. काय सफाई! पाट्यांवरची अक्षरं मात्र कुठल्या तरी दक्षिणेकडच्या लिपीत. मी इंग्रजी चौथीपर्यंत शिकलेला, तरी एक अक्षर लागलं नाही. गोष्ट सांगणारा माणूस पुढच्या लोकांकडं तोंड करून ओरडतो, आम्हाला त्याचा खोकला तेवढा ऐकू येतो. काही बिघडत नाही. मला गोष्ट डोळ्यांनी कळते.

१० जानेवारी, बुधवार.
काल लिहायचं राहिलं. मी कामाला आहे त्या अडतीवर गुळाच्या गाड्या फार आल्या.
आज विलायती विनोदी फिल्म. एक लठ्ठ साहेब सूप पितो, टोपी काढतो, शेवटी तळ्यात पडतो. सगळं डाव्या हातानं. पडण्याला हात लागत नाही, पण पडला तोही डावीकडंच.
महत्त्वाचा शोध: सिनेमातली झाडून सगळी माणसं डावरी. राजपुत्र आपला, साहेब विलायतचा, तरी दोघे डावरे. म्हणजे हा या कलेचा नियमच असणार. ख्वाजाला सांगितलं. तो म्हणाला, "आरं गुंडू, आपुन कुठं बसलोय..." मी त्याला पुढं बोलू दिलं नाही. फिल्म चालू असताना बोलणं मला खपत नाही.

१३ जानेवारी, शनिवार.
शनिवारी बायकांना तंबू फुकट. पुढच्या अंगाला कनात लावून त्यांची वेगळी जागा केलीय. आमची चिमणा शेजारच्या तानाबाईबरोबर गेली. लग्नाला दोन वर्षं झाली, इतकी खूश तिला कधी पाहिली नव्हती. भाकऱ्या थापता थापता राक्षसवध सांगत होती. मीही चुलीपाशी बसलो. बरं वाटत होतं.
मग तिनं पिठाचा उजवा हात उगारून राजपुत्राची तलवार करून दाखवली. मी म्हणालो, डावा. ती म्हणाली, "उजवाच की वो. म्या डोळ्यानं बघितलाय."
मी तिला धोतराचं सांगितलं. ती म्हणाली, "आणि चोळीचं काय? चोळीला उलटी बाजू न्हाय व्हय?"
सिनेमाचा आणि चोळीचा काय संबंध? बायकांची नजर कपड्यांपलीकडं जात नाही. तरी मी शांतपणे अर्धा तास समजावलं. एक भाकरी करपली.

१७ जानेवारी, बुधवार.
आज लढाईची फिल्म. पलटणी, तोफा, घोडी. हजारभर गोरे शिपाई एकदम सलाम करतात, डाव्या हातानं! आता काय म्हणणार चिमणा?
परत येताना पेठेतल्या पेन्शनर हवालदारांना गाठून विचारलं. ते म्हणाले, पलटणीत डाव्या हातानं सलाम केला तर कोठडीत जाशील. पेन्शनीत गेलेल्या माणसाला नवे रिवाज कुठून ठाऊक असणार? मी वाद घातला नाही. घरी मात्र घातला.

२० जानेवारी, शनिवार.
फिल्म: भक्त आणि देव. शेवटी देव प्रकट होऊन आशीर्वाद देतो. डाव्या हातानं.
खरं सांगायचं तर मीही जरा चरकलो. पण पुरावा तो पुरावा. घरी येऊन तसं सांगितलं. चिमणा कनातीतून तीच फिल्म बघून आली होती, पदर डोळ्यांना लावतच. ती म्हणाली, "देव डाव्या हातानं आशीर्वाद देतो म्हंता? जीभ झडंल तुमची." मी म्हणालो, कलियुग आहे. ती म्हणाली, "न्हाय, तुमी हाय."
रात्री माझ्याकडं पाठ करून झोपली. सकाळपर्यंत समजूत पटेल.

२८ जानेवारी, रविवार.
आठवडाभर समजूत पटली नाही. तीही पटवून घेत नाही, मीही सोडत नाही.
आज तिचा थोरला भाऊ पिराजी कुरुंदवाडहून आला, बैलांच्या बाजाराला. पुरणपोळी केली होती. जेवताना मी विषय काढला. मी काढणार नव्हतो, पण ख्वाजा नव्हता, मग बोलायचं कुणाशी? पिराजी हसून म्हणाला, पावणं, एवढं काय त्यात. एवढं काय त्यात! तेव्हा मी प्रत्यक्ष दाखवायचं ठरवलं. डावा हात किती डौलदार दिसतो ते कळावं म्हणून जेवणानंतरचा विडा त्याच्यापुढं डाव्या हातानं धरला. फिल्ममधला राजा धरतो तसा.
पिराजीनं विडा घेतला नाही. बराच वेळ हाताकडं बघत राहिला. मग उठून पायताण घातलं.
जुन्या वळणाचे लोक.

२९ जानेवारी, सोमवार.
चिमणा पिराजीबरोबर माहेरी गेली. जाताना आईच्या पाया पडली, माझ्या नाही. आई म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण केलंस, रांडच्या."
चार दिवसांत येईल. तंबूशिवाय तिला करमायचं नाही.

२ फेब्रुवारी, शुक्रवार.
फिल्म: पतिव्रता. नवरा अंध, भिकारी, वर तापट, तरी बायको त्याला खांद्यावर घेऊन अरण्यात हिंडते. अतिशय बोधपर. कुरुंदवाडला ही फिल्म अवश्य दाखवावी.
डोळ्यांत पाणी आलं. दिव्याच्या धुरानं.
निश्चय: मी आणायला जाणार नाही. कुरुंदवाड म्हणजे परकं संस्थान, उगाच परमुलखात जाऊन मान घालवायचा कशाला?

११ फेब्रुवारी, रविवार.
आईला चुलीचा धूर सोसत नाही. भाकरी जाड होते, मी काही बोलत नाही. शेजारच्या तानाबाईनं पाणी भरताना विचारलं, चिमणा कवा येणार? मी म्हणालो, तिच्या मनाला येईल तेव्हा. तानाबाई म्हणाली, मन हाय तिला, म्हणून तर गेली.
दांडीवर तिची एक चोळी राहिलीय. उलटी वाळत घातलेली. आईनं काढली नाही, मीही काढली नाही.
आजची फिल्म आठवत नाही. कुणीतरी समुद्रात बुडालं.

१८ फेब्रुवारी, रविवार.
पिराजी अडतीवर आला. बसला नाही. उभ्या उभ्या निरोप सांगितला. चिमणाचेच शब्द: "पडद्याच्या ह्या अंगाला एक डाव बसा म्हणावं. तिथनं डावा दिसला, तर म्या आपली आपुन चालत यीन. उजवा दिसला, तर मला न्यायला या आणि तसं म्हणा. एवढंच म्हणा, दुसरं काय नगं." शिवाय तिच्या वडलांनी सांगितलंय म्हणे, पाडव्याला मुलगी सासरच्या घरात नसली तर पुढं पाठवणारच नाहीत.
हमाल सगळे ऐकत होते. मी ताठ उभा राहून म्हणालो, बघू. बघू म्हणजे नाही.
पुढच्या अंगाला बसणं म्हणजे शंका आल्याची कबुली. मला शंका नाही.

२२ फेब्रुवारी, गुरुवार.
आज जाणारच होतो पुढं. पण डोकं दुखत होतं. मागं बसलो.
ख्वाजा म्हणाला, "जा की लेका. तंबू काय तुला गिळतोय?" मी म्हणालो, पुढं डास फार. तो म्हणाला, "डास काय पडदा बघून येत्यात?" फिल्ममध्ये एका बाईचा नवरा लढाईला जातो आणि ती दारात उभी राहते. दार उजवीकडं होतं का डावीकडं, मी पाहिलंच नाही. मी तिच्याकडंच बघत होतो.

२७ फेब्रुवारी, मंगळवार.
मॅनेजरनं जाहीर केलं, शनिवार शेवटचा. त्या दिवशी पुन्हा राक्षसवध. मग तंबू वाटेत मुक्काम करत कुरुंदवाडला. सिनेमासुद्धा तिच्याकडं चाललाय.
रात्री झोप नाही. उजवा दिसला तर काय करायचं, याचा विचार केला. डावा दिसला तर काय, याचाही केला. दोन्हीकडून भीती वाटते, हे मला आज कळलं.

३ मार्च, शनिवार. रात्री.
पुढं बसलो. बाकावर, चार आण्यांत. आमच्या अडतीचे मालक गणपतराव पागोटं घालून नेमके माझ्यापुढं. वाकून वाकून पाहिलं.
पहिली पाटी आली. वाचता आली. मराठी.
राजपुत्र आला. तलवार उजव्या हातात.
जिला मी दोन महिने राणी समजत होतो ती राक्षसाची बहीण निघाली. पाटीवर स्वच्छ लिहिलं होतं.
माझं ओपिनियन: शेवटच्या दिवशी कंपनीनं दुसरी फिल्म लावली. लोकांना फसवायला. नाव तेच, फिल्म वेगळी. मॅनेजरकडं तक्रार करणार.

५ मार्च, सोमवार.
तक्रार केली नाही. तंबू गेला. माळावर खुंट्यांची भोकं राहिलीत.
काल ख्वाजाच्या दुकानात बसलो. त्याच्या हातात कातडं होतं. एक अंग गुळगुळीत, एक खरबरीत. एका अंगाला नक्षी ठोकलेली, दुसऱ्या अंगाला तीच उलटी उमटलेली. मी बघत राहिलो. तो म्हणाला, "कळलं न्हवं?" मी विचारलं, तुला ठाऊक होतं? "सगळ्या तंबूला ठावं हुतं. म्या पैल्याच दिशी सांगणार हुतो, पर तू बोलू कुठं देतोस. पडलास तरी नाक वर."
मी चुकलो. लिहून टाकलं. ही वही कुणी वाचणार नाही म्हणून.
चुकलो ते हातात नव्हे. ती चुलीपाशी पिठाचा हात उगारून हसत होती. तेव्हा व्हय म्हणायला माझं काय जात होतं? तशी हसताना तिला पुन्हा बघायला मिळाली नाही तर मी काय करू?

२० मार्च, मंगळवार.
पाडव्याच्या आदल्या दिवशी कुरुंदवाडला जायचं नक्की. रजा मिळाली. वाक्य ठरवलं: "चिमणा, तुझं खरं." तीनच शब्द. पुढं एक अक्षर नाही. मला बोलायची सवय वाईट आहे, म्हणून पाठ करतोय. आरशापुढं म्हटलं. आईपुढं म्हटलं. आई म्हणाली, एवढं म्हणून तोंड मीट.
आईनं चोळी धुऊन घडी करून ठेवलीय. सुलटी.

पाडवा. तारीख घालायची इच्छा नाही.
काल गेलो. शिरोळ रोडपर्यंत आगगाडी, पुढं टांगा. वाटभर तीन शब्द घोकले. कुरुंदवाडला घाटाच्या अलीकडंच आपला तंबू दिसला, जुना सोयरा भेटल्यागत वाटलं.
चिमणा सोप्यातच उभी होती. रोडावलीय. पायाशी बोचकं, बांधलेलं. मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली. म्हणाली, "बोलू नगा. तुमचं खरं हाय. परवा म्या दादाला घेऊन पडद्याच्या मागल्या अंगाला बसली. तुमी बसता तिथं. डावाच हात हाय. देवाचा बी डावाच. म्या उगा तुमास्नी बोलली. चला आता घरला."
माझ्यासाठी ती मातीत बसून आली होती. बोचकं बांधलेलं होतं, टांगेवाला दारात होता. पिराजीनं माझ्यासाठी पाण्याचा तांब्या आणला होता. मी फक्त "चल" म्हणायचं होतं. ते तर तीन शब्दसुद्धा नव्हते.
मी म्हणालो, "छे छे. उजवा."
मला थांबता आलं नाही. मागून बसलं की उलटं दिसतं, पाट्याही उलट्या, असं सगळं समजावून सांगितलं. कातड्याचं उदाहरण दिलं. तरी तिला कळेना असं वाटलं, म्हणून चोळीचं दिलं.
ती म्हणाली, "चोळीचं?"
मी म्हणालो, "हो. चोळीला उलटी बाजू असते. साधी गोष्ट आहे."
ती म्हणाली, "म्हंजे उजवा म्हटलं तवा बी माझंच चुकलं, आणि डावा म्हटलं तवा बी माझंच."
मग तिनं बोचकं उचललं आणि आत गेली. पिराजी तांब्या घेऊन तसाच उभा होता. जरा वेळानं त्यानं तो भिंतीशी ठेवला. मी दाराबाहेरून तीन शब्द म्हटले. दोनदा. आतून कुणी आलं नाही. टांगेवाला म्हणाला, पावणं, गाडी चुकंल.
सकाळी गुढी उभी केली. आईनं विचारलं, सून कुठाय? मी म्हणालो, वादात माझं खरं ठरलं. आईनं दोन पानं मांडली.
मी उजव्या हातानं जेवलो. बघायला कुणी नव्हतं.